परक्या गल्लीचा ढावलो

मला हात दिला तो माझ्या खोलीतल्या ताईनं, हे आधी सांगून टाकते. सांगता सांगता मी घाबरले की मुद्द्याचं राहून जातं, आणि मी घाबरते फार. ताई माझ्याहून थोडी मोठी, पांढरकवड्याकडच्या जंगलातल्या गावची, गोंडाची पोर. वणीत नर्सिंग शिकायला आलेली. मी उमरखेड तालुक्यातल्या तांड्यावरची, ढाणकीच्याही पुढची. जिल्हा म्हणायला एकच, पण आमच्या तांड्यावरून सकाळची पहिली गाडी धरली तर वणीत उतरेस्तोवर दिवस कलतो. भाषा बदलते, पाणी बदलतं, अंगावर बसणारी धूळसुद्धा बदलते. तिकडची तांबूस, इकडची काळी, कोळशाची.

माझी शाळा आठवीत सुटली. नदीच्या पुरात पूल खचला, बस यायची बंद झाली, आणि चालत जाण्याइतकी शाळा जवळ नव्हती. पोरांनी सायकली काढल्या. पोरींची दप्तरं खुंटीला लागली. पुढे मावसभावानं मला वणीच्या रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर लावून दिलं. निळा शर्ट, डोक्याला टोपी, हातात नळी. दिवसभर एकच वाक्य: "दादा, झिरो पाहून घ्या." गाडीवाला झिरो पाहतो, मी खटका दाबते, आकडे पळतात, गाडी जाते. पुढची येते.

ताईच्या मोबाइलमध्ये गाणी पुष्कळ होती, पण ती एकच अल्बम ऐकायची. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधलं एकही न गाळता. भाकरी थापताना, कपडे पिळताना, पुस्तकात हाडांची नावं पाठ करतानासुद्धा. सुरुवातीला मला त्याचा रागच यायचा.

"गाते कुठं हा? बोलून तर राह्यला," मी म्हणाले.

"तेच तर हाय," ताई म्हणाली. "अमेरिकेतला हाय. काळ्या लोकायच्या वस्तीतला. हा त्याचा पयला अल्बम. आपल्या जन्माच्या आधीचा."

"भांडून राह्यला काय कोणाशी?"

"गप ऐक. मंग सांगतो."

ताई स्वतःबद्दल कधी कधी 'सांगतो' म्हणते. भावांमध्ये वाढलेली.

मग ती एकेक गाणं थांबवून, मोबाइलवर त्याचे शब्द काढून मला समजावू लागली. तिचं इंग्रजी काही फार मोठं नव्हतं. अडलं की आपल्या मनानं लावून टाकायची. तो कुठल्या गल्लीचं नाव घेतो, कुठल्या जिन्यावर बसतो, कोणता दोस्त तुरुंगात आहे, कोणता मेला, दुकानवाल्याचा कुत्रा कसा भुंकतो, आई दार कधी लावून घेते. "पाय, आता हा आपल्या तांड्याचं नाव घेऊन राह्यला," ती म्हणायची. त्याच्या वस्तीला ती तांडाच म्हणायची, माझ्यासाठी. मागे कुठल्या तरी जुन्या तबकडीची खरखर चालू असायची, आणि पेटीचे दोनच सूर फिरून फिरून यायचे. त्या दोन सुरांवर तो पोरगा आपलं घर मांडत होता.

त्याच्यात काय आहे, हे मला एकदम कळलं नाही. पण दोन गोष्टी हळूहळू अंगाला लागल्या. एक म्हणजे त्याचा श्वास ऐकू येतो. ओळ लांबली की तो मध्येच हवा ओढतो, आणि ती कोणी पुसून टाकलेली नाही. दुसरी ताईनं सांगितली.

"लोकं म्हणतात, हा लय माजोरडा हाय. मीच राजा, मीच शेर. मले तर भेलेला वाटते. भेलेला माणूस असाच लवकर लवकर बोलते, कोणी मधात तोडू नये म्हणून."

भ्यालेलं माणूस मला ओळखू येतं. त्या दिवसापासून इअरफोनचं एक बोंडूक मी माझ्याही कानात घालू लागले. एक तिच्या कानात, एक माझ्या.

"याचे मागचे अल्बम नाही का?" मी एकदा विचारलं.

"मागचे नाही, पुढचे हायेत. मी ऐकले. चांगले हायेत. पण पयल्यात जे हाय ते नाही त्यात. पयल्या वक्ताले माणसापाशी जन्मापासूनचं साचलेलं असते. दुसऱ्याले काय, मधातल्या दोन सालाचं."

हे वाक्य तिनं सहज टाकलं आणि हाडं पाठ करायला लागली. मला मात्र ते बोचत राहिलं. कारण त्याच महिन्यात माझं लग्न जुळलं होतं, आणि माझ्यासमोर ढावलो होता.

ढावलो म्हणजे आमच्या गोरमाटी, म्हणजे बंजारा, लोकांत नवरीनं निघताना गायचं रडणं. तोंडावर ओढणी घेऊन, एकेकाच्या गळ्यात पडून, रडत रडत गायचं. बापाला, भावाला, काकीला, गोठ्यातल्या बैलालासुद्धा. ज्याचं त्याचं नाव घेऊन त्यानं काय दिलं, काय दिलं नाही, ते सगळं. एरवी लेकीनं बापापुढे मान वर करायची नाही. पण ढावलोत ती काहीही म्हणू शकते, आणि बापानं उभं राहून ऐकायचं असतं. आयुष्यात एकदाच. पूर्वी म्हणे नवरीला म्हाताऱ्या बाया कितीतरी दिवस आधीपासून घेऊन बसायच्या आणि शिकवायच्या. मला शिकवणार कोण? याडी, म्हणजे माझी आई, मी लहान असतानाच गेली. तांड्यावर ढावलो नीट येणारी एकच उरलेली, बाची म्हातारी काकी. आणि मी जिल्ह्याच्या या टोकाला. पंपाच्या मॅनेजरसाहेबांनी रजा दिली तीही मोजूनमापून.

नाही गायलं तर काय झालं असतं? माझ्या मोठ्या बहिणीनं नाही गायलं. तिच्या लग्नात डीजे होता. तो वाजतच राहिला आणि ती गाडीत बसली. सगळे नाचत होते. बा मंडपाच्या मागे जाऊन उभा राहिला. मी त्याला पाणी द्यायला गेले तर म्हणाला, "पोरगी न बोलताच गेली." त्यानंतर माझं जुळलं तेव्हा फोनवर त्यानं देण्याघेण्याच्या आधी एकच विचारलं: "तू गाशील ना?" आम्ही घरात गोरबोली बोलतो, तिच्यात ते आणखी हळू वाटलं.

मी हो म्हणाले. आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

काकीला फोन लावला. म्हटलं, काकी, तू गा, मी मोबाइलमध्ये भरून घेते. ती फोनवरच थुंकली. "घरात ना नवरी, ना वरात, आन मी बसून रडू? कोणाले मारतं काय?" लग्नाशिवाय ढावलो काढला तर तो मरणाचा होतो, असं आमच्याकडे मानतात. तिनं नुसत्या बोलून काही ओळी सांगितल्या, सुराशिवाय, भाजीचा भाव सांगावा तशा. मी त्या पाठ केल्या. पण त्या जुन्या ओळी होत्या. त्यांत बापाची हवेली होती, चंदनाचा पाट होता. आमच्या घरी पत्र्याचं छप्पर आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. त्या ओळी म्हणताना मी कोणा दुसरीचंच लग्न लावते आहे, असं वाटायचं.

शेवटी सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, ताईनं दार लोटून घेतलं. "मी तुझा बाप. ये, पड गळ्यात."

"असं म्हणायचं नसते, ताई. अपशकुन होते."

"मी गोंडीण. तुमचा शकुन मले लागत नाही. ये."

मी ओढणी तोंडावर घेतली आणि तिच्या गळ्यात पडून सुरू केलं. पहिली ओळ नुसती पुटपुटले. मग आवाज निघाला, आणि निघाला तो थांबेना. ढावलोत ओळीच्या शेवटी 'हिया' म्हणून लांब हंबरडा असतो. माझा तो हंबरडा खिडकीतून खाली गेला. मी तिसऱ्यांदा हिया म्हणते तोच दार उघडलं. घरमालकीण हातात पाण्याचा तांब्या घेऊन, आणि तिच्या मागे गल्लीतल्या चार बाया.

"कोण गेलं व, माय?"

"कोणी नाही गेलं, काकू," ताई माझं डोकं खांद्यावर तसंच धरून म्हणाली. "हिचं लग्न जुळलं."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. "मंग रडून कायले राह्यली? पोरगा पसंत नाही काय?"

"पोरगा चांगला हाय. आमची सराव करून राह्यली."

"कायचा?"

"रडाचा."

घरमालकिणीनं तांब्या खाली ठेवला. "आमच्या वक्ताले तर बिनासरावाचं येत होतं बावा," ती म्हणाली आणि बाया हसत हसत जिना उतरल्या. आम्हीही हसलो. मला वाटलं, झालं ते तेवढ्यावर गेलं.

पण गल्लीत गोष्ट वेगळीच होऊन फिरली. दुसऱ्या दिवशी पंपावर मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बाजूला दुसऱ्या पाळीतली बाईही उभी केली होती. "भेऊ नको. तुझ्यावर कोणी जबरदस्ती करून राह्यलं का? लग्नासाठी? आम्ही हाओत." माणूस भला. मी नाही नाही म्हणत राहिले, आणि मी जितकं नाही म्हणाले तितकी त्यांची खात्री पटत गेली. माझ्या चेहऱ्याचा तो गुणच आहे. खरं बोलतानाही मी लपवतेय असं दिसतं. त्यांनी माझ्या कागदांवरचा नंबर काढून सरळ बाला फोन लावला. तुमची पोरगी खोलीत धाय मोकलून रडते, म्हणाले. तिच्या मनाविरुद्ध काही करू नका.

दुपारी बाचा फोन आला. मागे शेळीचं ओरडणं ऐकू येत होतं.

"तुले नाही करायचं काय?" त्यानं विचारलं. "तसं असंल तर सांग. मी नायकापुढे उभा राहून सोयरिकीचं पान परत करतो."

नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्याच्यासमोर दिलेला शब्द परत घ्यायचा, म्हणजे बानं साऱ्या तांड्यापुढे मान खाली घालायची. आणि तो ते करायला तयार होता. खरं सांगावं, तर लग्नाआधीच ढावलो काढला हे कबूल करावं लागणार. न सांगावं, तर लग्न मोडणार.

"बा, मी ढावलो शिकून राह्यली," मी म्हणाले.

पुन्हा शेळी. मग तो म्हणाला, "मले फोनवर म्हणून दाखवू नको." आणि फोन ठेवला.

रागावला, की भ्याला, की बरं वाटलं, मला कळलं नाही. लग्नापर्यंत रोज मी त्याच्या तब्येतीची चौकशी करत होते. खोकला तर नाही ना. छातीत तर दुखत नाही ना. माझ्या हिया-हियानं त्याला काही झालं तर, हे एकच डोक्यात. तो वैतागून म्हणाला, "मी लग्नाचा हाओ का दवाखान्याचा?"

त्या दिवसांत पंपावर उभी असताना मी अल्बम मनात चालवायची. शब्द येत नव्हते, चाल येत होती. नळीतून डिझेल जाताना यंत्र धकधक करतं, त्या धकधकीवर माझ्या ओळी बसतात का पाहायची. जुन्या बसत नव्हत्या. नव्या बसू लागल्या. पूल. बस. खुंटी. त्या अमेरिकेतल्या पोरानं आपल्या जिन्याचं नाव घेतलं म्हणून जिना लहान झाला नाही, मग मी पत्र्याचं नाव घेतलं तर काय बिघडलं? पण त्याच्या वस्तीनं ते ऐकून काय म्हटलं असेल, हे ताईच्या मोबाइलमध्ये कुठं नव्हतं. ती भीती मला एकटीलाच धरून होती.

एक ओळ मी ताईसाठी केली होती. काकीला लग्नाच्या आदल्या दिवशी विचारलं. ती म्हणाली, "कोराचं नाव ढावलोत येत नाही." कोर म्हणजे आमच्याबाहेरचं माणूस. लग्नासाठी माझ्याबरोबर तांड्यावर आलेली ताई तिथंच बसून हळदीचे हात पुसत होती. तिला गोरबोली कळत नाही, पण तेवढं कळलं. "राहू दे," ती म्हणाली. "ठेव मायासाठी."

निघायची वेळ झाली. गाडी मंडपाला लागली. डीजेवाल्यापाशी बा स्वतः गेला आणि म्हणाला, "घडीभर दम धर, बापू." एकदम सगळं शांत झालं, फक्त मागे जनरेटर. बाया गोळा झाल्या. मी ओढणी ओढली आणि बाच्या गळ्यात पडले. काकीनं पाठीवर हात ठेवला.

पहिली ओळ आली, हवेलीची. दुसरी नाही आली. गेली ती गेलीच. माझ्या पाठीवर काकीची बोटं रुतली, तिनं कानात ओळ सांगितली, तीही मला ऐकू आली नाही. मागून एक बाई म्हणाली, "वणीच्या कोळशानं गळा बसला वाटते." कोणी हसलं. ओढणीच्या आत मला फक्त बाच्या सदऱ्याची गुंडी दिसत होती. बा हलला नाही. तो वाट पाहत होता.

मला आता ऐकू येत होता तो जनरेटर. धक, धक, धक. दोनच ठोके, फिरून फिरून.

मी गायले नाही. त्या ठोक्यावर बोलू लागले. बा, तू मला पुलापर्यंत सोडायला यायचा. बा, बसची पाटी तुला वाचता येत नव्हती, मी वाचून दाखवायची. बा, पूल गेला, बस गेली, माझं दप्तर तू खुंटीला टांगलं. बा, बैलाच्या खुराला लागलं तर तू ढाणकीला दोनदा गेला, माझ्या शाळेत विचारायला एकदा गेला नाही. बा, मी परक्यांच्या गाड्यांत तेल भरते, सगळ्या गाड्या पुढं जातात. बा, मला रिकाम्या हाती पाठवलं नाही तू, पण अर्ध्या धड्यावर पाठवलं. आणि मग हिया. तो मात्र मी काढला नाही. तो बायांनीच उचलला, सगळ्यांनी मिळून, आणि मला श्वास घ्यायला जागा मिळाली. मी तो श्वास मोठ्यानं ओढला. कोणी पुसला नाही.

बाचा हात माझ्या डोक्यावर होता, तो थांबला होता. गाडीच्या दारात त्यानं वाकून एवढंच म्हटलं: "शाळेचं मले वाटलं तू इसरली असशील."

सासरच्या रस्त्यावर माझा नवरा काहीबाही बोलत होता. तो वणीलाच खाणीवर डंपर चालवतो, साधा माणूस आहे. मला त्याचा एक शब्द आठवत नाही. मी बाला चारचौघांत उघडं पाडलं, हेच मनात चाललं होतं. ढावलोत चालतं, हे खरं. पण चालतं म्हणजे लागत नाही असं थोडंच?

वणीला परत आल्यावर आठवडाभर मी फोन केला नाही. मग त्याचाच आला. इकडचं तिकडचं झालं, शेळी व्यायली म्हणाला. मग म्हणाला, "ते बसवालं एकदा म्हण ना."

"बा, फोनवर म्हणायचं नसते. तूच म्हणाला."

तो हसला. "होय. बराबर." मग म्हणाला, "मी गेलतो शाळेत. एकदा. गुरुजी मीटिंगले गेलते. मी वट्यावर बसून वापस आलो. तुले सांगितलं नाही."

इतकी वर्षं मी धरून ठेवलेली, साऱ्या तांड्यासमोर म्हटलेली ओळ चुकीची होती. आणि ती दुरुस्त करायला दुसरा ढावलो नाही. ती आता तशीच राहणार, बायांच्या तोंडी, आणि मंडपात ज्यांनी भरून घेतली त्यांच्या मोबाइलमध्ये. मी ताईकडे गेले आणि सांगितलं. तिचे पेपर चालू होते. तिनं कानातलं काढलं.

"तुया बापानं ती गोष्ट कधी सांगतली असती?" तिनं विचारलं. "ओळ नसती म्हटली तर?"

"कधीच नाही."

"मंग झालं," ती म्हणाली. पण मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. घाबरणारं माणूस असं चटकन पटवून घेत नाही. रात्रंदिवस नाही, पण भाकरी थापताना मध्येच तो शाळेचा ओटा दिसतो आणि त्यावर बसलेला बा.

ताई पास झाली. तिला लांबच्या एका दवाखान्यात नोकरी लागली आणि ती खोली सोडून गेली. जाताना तिनं तो अल्बम माझ्या मोबाइलमध्ये टाकून दिला. पंपावरून आले की मी तो लावते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं न गाळता. दुसरं बोंडूक तसंच लोंबत राहतं. नवरा म्हणतो, हा भांडून राह्यला काय. मी म्हणते, गप ऐक, मंग सांगते.

तिच्या गावी लग्नात रेला नाचतात, आमच्यासारखं रडत नाहीत, असं ती म्हणायची. असू दे. तिचं जुळेल तेव्हा मी जाईन, रजा मिळो न मिळो. ढावलोतून काढलेली तिची ओळ मी कोणाला म्हणून दाखवलेली नाही, इथेही लिहीत नाही. ती निघेल तेव्हा तिच्या गळ्यात पडून ती म्हणेन. तोंडावर ओढणी न घेता, तिचं नाव घेऊन.